चौथ्या मजल्यावरची भीती

२९ ऑक्टोबर हा जागतिक पक्षाघात दिन. या दिवशी भर असतो तो पहिल्या साडेचार तासांवर. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, जीभ जड झाली की तडक रुग्णालय गाठा. हे दरवर्षी सांगायलाच हवे. पण जीव वाचून रुग्ण घरी आला की पुढे काय, ते मुंबईतल्या माहुलमध्ये विचारावे.

माहुलची प्रकल्पग्रस्तांची वसाहत म्हणजे सात मजली ७२ इमारती, शेजारी तेलशुद्धीकरण कारखाने. इथल्या हवेचा आरोग्याला धोका असल्याचे राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्येच नोंदवले. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने तानसा जलवाहिनीलगतच्या विस्थापितांना इथे राहण्याची सक्ती नको म्हटले. तरी माणसे राहतातच. आणि प्रदूषित हवा हे पक्षाघाताचेही एक कारण आहे.

पक्षाघातानंतर साधारण चौघांतल्या एकाला चिंतेचा विकार जडतो. पुन्हा झटका येईल, घरी कुणी नसताना येईल, जिन्यात तोल जाईल. मग माणूस उंबऱ्याबाहेर पडत नाही, व्यायाम सुटतो, पाय आणखी आखडतो. घरचे म्हणतात, ‘बाबांनी हायच खाल्लीय.’ यावर गोळ्यांइतकाच बोलण्याचा उपचार असतो: भीती टाळायची नाही, थोडी थोडी अंगावर घ्यायची. आज दारापर्यंत, उद्या सोबत घेऊन एक मजला, पुढच्या आठवड्यात खालच्या चहाच्या टपरीपर्यंत. एडिंबरात हा उपचार फोनवरून देऊन पाहिला गेला. मोठ्या चाचण्यांचा पुरावा अजून तोकडा आहे. पण ज्याला रिक्षात चढवायलाही दोघे लागतात, त्याला दर आठवड्याला शीव रुग्णालयाच्या ओपीडीत बोलावण्यापेक्षा फोन केव्हाही बरा.

आपल्याकडे १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे. १४४१६ वर चोवीस तास, मराठीतही, फुकट बोलता येते. अडचणी पुढे आहेत. घरातला एकुलता स्मार्टफोन सकाळी मुलासोबत कामावर जातो. सव्वादोनशे चौरस फुटांच्या खोलीत सुनेसमोर सासरा ‘मला भीती वाटते’ कसे म्हणणार? ज्याची वाचाच गेली, त्याला नुसता फोन काय कामाचा? शिवाय दर वेळी नवा आवाज असेल तर तो धीर झाला, उपचार नव्हे. एकच समुपदेशक, ठरलेला वार, आणि फोन तिकडून यायला हवा.

आणि जिना? समुपदेशक सांगणार ‘खाली उतरून या’, आणि लिफ्ट बंद. इथल्या लिफ्टची तक्रार जुनीच आहे. तेव्हा जिन्याची भीती निव्वळ मनाची म्हणता येत नाही. ती रास्त आहे.

पालिकेच्या आरोग्य सेविका घरोघरी फिरतात. पक्षाघाताचे रुग्ण कोणत्या मजल्यावर आहेत, याची यादी त्यांच्याकडून आरोग्य खात्याने या महिन्यातच करून घ्यावी. तिची एक प्रत समुपदेशकाकडे जावी, दुसरी लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या खात्याकडे.