ओसरीवरून : नातीचे कासव

मागे कालवडीच्या गोचिडांविषयी लिहिले होते, त्यावर एका ताईंचे पत्र आले आहे. "जनावर आजारी पडले की तुम्ही जनावराआधी गोठा बघायला का सांगता?" असे त्या विचारतात. उत्तर म्हणून आज एका कासवाची हकिकत सांगते.

धाकटा मुलगा अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यात असतो. सूनबाईंच्या दुसऱ्या बाळंतपणाला म्हणून मी सहा महिने तिकडे राहून आले. घरात पाऊल टाकते न टाकते तोच आठ वर्षांच्या नातीने हात धरून एका काचेच्या पेटीपाशी नेले. आत एक कासव, वीतभरसुद्धा नव्हते. शेजारचे म्हातारे जोडपे वृद्धाश्रमात राहायला गेले, तेव्हा परसात बावीस वर्षे सांभाळलेले हे कासव पोरीच्या हवाली करून गेले. पोरीने नाव ठेवले लाडू.

तिकडे याला बॉक्स टर्टल म्हणतात, आपण डबीचे कासव म्हणू. याच्या पोटाच्या कवचाला आडवी बिजागरी असते. भ्याले की डोके-पाय आत घेऊन पुढून-मागून झाकण असे लावून घेते की पाहत राहावे. पाठ तपकिरी, तिच्यावर पिवळी नक्षी, आणि नराचे डोळे बहुधा लाल. नाव टर्टल असले तरी हा रानातल्या पालापाचोळ्यात राहणारा जीव. त्या राज्याने १९७९ साली याला आपला राज्यप्राणी, म्हणजे सरपटणाऱ्यांतला, ठरवले आहे.

लाडूचे लाल डोळे मात्र मला दिसलेच नाहीत. पापण्या सुजून मिटलेल्या. पोर रोज लेट्यूसची हिरवी पाने घालायची आणि तो तोंड फिरवायचा. "आजी, तो माझ्यावर रागावलाय का?" असे विचारून ती रडकुंडीला यायची.

जनावरांच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो, "ठेवता कुठे?" खिडकीतले ऊन पेटीवर येते, असे मुलगा म्हणाला. डॉक्टर म्हणाले, ऊन दिसते खरे, पण उन्हातला जो अंश अंगात ड जीवनसत्त्व तयार करतो तो काच अडवते. मग कवच मऊ पडते. आपल्याकडे पोरांना मुडदूस होतो, त्यातलाच प्रकार. आणि नुसत्या लेट्यूसमुळे अ जीवनसत्त्व कमी पडले, म्हणून डोळे सुजले. औषध दिले, पण पेटी आधी बंद करा म्हणाले.

मग आम्ही परसात कुंपण केले. आठ फूट लांब, चार फूट रुंद. हा उकरण्यात पटाईत, म्हणून फळ्या फूटभर जमिनीत गाडल्या. निम्म्यावर झाडाची सावली, निम्म्यावर ऊन. खाली मऊ माती आणि ओला पालापाचोळा, कडेला पाण्याचे उथळ ताट. वरून जाळी, कारण तिकडे रात्री रकून नावाचा चोरटा प्राणी फिरतो. खाण्याला गांडुळे, गोगलगायी, लाल भोपळा, रताळे, तुती, स्ट्रॉबेरी. आपल्या काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो तो समुद्रफेस कुरतडायला. इंग्रजी मला येत नाही, पण गांडूळ कुठे सापडते हे मला कोणी शिकवायला नको. सकाळी नात आणि मी खुरपे घेऊन निघायचो. तिसऱ्या आठवड्यात लाडूने डोळे उघडले. गुंजेसारखे लाल!

इतक्यात बाळ झाले आणि वेगळाच पेच पडला. कासव दिसायला निरोगी असले तरी त्याच्या अंगावर, पाण्यात साल्मोनेलाचे जंतू असू शकतात. तान्ह्या मुलाला ते फार बाधतात. याच कारणाने १९७५ पासून तिथे चार इंचांपेक्षा लहान कासव पाळायला म्हणून विकण्यास बंदी आहे. पोरे ती तोंडात घालत. सूनबाई म्हणाल्या, "आई, मला कासव नको असे नाही, पण बाळाची भीती वाटते." त्यांचे काही चुकत नव्हते. मुलगा म्हणाला, रानात सोडून येऊ.

डॉक्टरांनी सोडू दिले नाही. हे कासव जन्मभर आपल्याच थोड्याशा रानात राहते. तिथून उचलून दुसरीकडे ठेवले तर कितीएक कासवे जुनी जागा शोधत चालत सुटतात आणि रस्त्यावर गाडीखाली येतात. लाडूचे रान कोणते हे बावीस वर्षांनी कोण सांगणार? शिवाय माणसाकडचा रोग रानातल्या कासवांना लागायचा. शेवटी घरात असे ठरले: लाडू कधीच आत यायचा नाही, त्याचे ताट स्वयंपाकघरात धुवायचे नाही, हात लावणाऱ्याने साबणाने हात धुतल्याशिवाय बाळाजवळ फिरकायचे नाही. पहारेकरी मी. नात दोनदा विसरली, दोन्ही वेळा मी तिला दारातूनच परत पाठवली.

हे वाचून आपल्याकडच्या पोरांनी विहिरीतले कासव बादलीत घालू नये, म्हणून सांगून ठेवते. विहिरीतले मऊ पाठीचे काय, माळावरचे चांदण्यांच्या नक्षीचे काय, दोन्ही १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. घरी पाळले तर तीन ते सात वर्षे कैद होऊ शकते. "लक्ष्मी येते" म्हणून कोणी विकायला आणले तर घेऊ नका. जखमी सापडले तर वनखात्याला १९२६ वर फोन करा.

थंडी पडू लागली तसे लाडूचे खाणे आटले. डॉक्टरांनी वजन करून झोपायला हरकत नाही म्हटले. मग एका दुपारी तो कुंपणाच्या कोपऱ्यात उकरत बसला, संध्याकाळी नुसती माती हललेली दिसली. नातीने वर पोतेभर पाला ओतला. मी चार दिवसांनी निघाले.

एप्रिलात तिचा फोन आला. बाळाला दात आल्याचे सांगायचे सोडून ती आधी म्हणाली, "आजी, लाडू वर आला. पण गांडुळे मला सापडत नाहीत, कुठे खणू?"