सहाव्या गाण्याच्या आधीचं गाणं

मागच्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या अभ्यासवर्गात एका पोराने विचारलं, "ताई, तुम्ही इंग्रजी गाणी ऐकता? ती तर त्यांची ना?"

'त्यांची' म्हणजे कोणाची, हे मला विचारावं लागलं नाही. मी एम.ए. करत असताना वसतिगृहात गिटार घेऊन बसणारा गट ठरलेला होता. रॉक-पॉप त्यांचं, आपलं म्हणजे जलसे, भीमगीतं, वामनदादा. ही वाटणी कोणी केली, हा प्रश्न समाजशास्त्र शिकूनही मला पडला नाही.

म्हणून शिनेड ओकॉनर या आयरिश गायिकेचा १९९० सालचा 'आय डू नॉट वाँट व्हॉट आय हॅवंट गॉट' हा अल्बम मी पहिल्यांदा ऐकला तो तिशी ओलांडल्यावर, बसमध्ये, मोबाइलवर. ऐकायचं होतं खरं तर सहावं गाणं, 'नथिंग कंपेअर्स टू यू'. जगभर गाजलेलं, प्रिन्स या काळ्या संगीतकाराने लिहिलेलं. पण त्याच्या आधी पाचवं लागलं आणि मी बसमध्ये तेच पुन्हा पुन्हा ऐकत राहिले.

गाण्याचं नाव 'ब्लॅक बॉइज ऑन मोपेड्स'. गिटार आणि आवाज, बाकी जवळपास काही नाही. दूर बीजिंगमधल्या मृत्यूंवर हळहळणाऱ्या थॅचरबाई, आणि त्यांच्याच देशात पोलिसांमुळे मरणारी काळी पोरं. निकोलस ब्रॅम्बल हा तरुण १९८९ मध्ये लंडनमध्ये मोपेडवरून जात होता. मोपेड चोरीची असणार असं पोलिसांनी धरलं, पाठलाग केला आणि तो अपघातात गेला. मोपेड त्याची स्वतःची होती.

आवाज कुठेही चढत नाही. आपल्याकडे विद्रोह म्हणजे पट्टी वरची, असं आपण समजून बसलोय (मीही). ही बाई अंगाई म्हणावी तसं म्हणते आणि ऐकणाऱ्याला बसवत नाही.

पुढची गोष्ट मला नंतर वाचून कळली. अल्बमच्या आतल्या कागदावर तिने कॉलिन रोचच्या कुटुंबाचा फोटो छापला होता. २१ वर्षांचा कॉलिन १२ जानेवारी १९८३ रोजी लंडनच्या स्टोक न्यूइंग्टन पोलीस ठाण्याच्या दारातच बंदुकीच्या गोळीने मेला. ज्युरीने बहुमताने आत्महत्या ठरवली. घरच्यांनी आणि वस्तीने ते कधीच मान्य केलं नाही. प्रेमगीतासाठी अल्बम घेणाऱ्या लाखो लोकांच्या घरात शिनेडने ते कुटुंब नेऊन ठेवलं.

माझ्या मोबाइलवर मात्र तो कागद नाहीच. चौकोनात फक्त तिचा चेहरा. बाजाराने चेहरा ठेवला, सहावं गाणं ठेवलं आणि रोच कुटुंब गाळलं. कोणी बंदी घातली नाही, तशी गरजच पडली नाही.

१९९२ मध्ये तिने अमेरिकन टीव्हीवर पोपचा फोटो फाडला, चर्चमधल्या बालकांच्या शोषणाविरुद्ध. राग आला तो फाटलेल्या कागदाचा. मनुस्मृती जाळली तेव्हापासून हा हिशोब आपल्याला पाठ आहे.

पण बोट फक्त बाहेर दाखवून चालणार नाही. ११ जुलै १९९७ ला रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण गेले. ते पाहून शाहीर विलास घोगरेंनी काही दिवसांत स्वतःचा जीव दिला. १४ एप्रिलच्या डीजेवर घोगरेंचं गाणं शेवटचं कधी ऐकलंत? आपणही आपलं सहावं गाणंच वाजवतो, तेही छाती हादरेल इतक्या आवाजात. मला नाचण्याबद्दल तक्रार नाही. पाचवं कुठे गेलं, एवढंच विचारतेय.

गेल्या रविवारी अभ्यासवर्गात मी ते गाणं लावलं. अर्थ सांगितला. प्रश्न विचारणारा तो पोरगा जेवणाची पार्सलं पोचवतो, दिवसभर स्कूटरवर असतो. थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "गाडी त्याचीच होती ना? मग थांबून कागद का नाही दाखवले?"

मी काही बोलायच्या आत मागून एकाने विचारलं, "तू थांबतोस का?"

तो हसला. मग म्हणाला, "परत लावा, ताई."