पोकर, परमिट रूम आणि १८८७चा कायदा

सदाशिव पेठेला पत्ते नवे नाहीत. वाड्याच्या ओसरीवरचा मेंढीकोट, गणेशोत्सवात रात्र जागवणारी रमी आणि दाराला आतून कडी लावून रंगणारी तीन पत्ती, हे सारे पेठेने पाहिले आहे. परमिट रूमच्या टेबलावर रंगीत चकत्या मांडून, प्रवेशमूल्य घेऊन भरवलेली पोकरची स्पर्धा मात्र या घरगुती परंपरेत बसत नाही. हौशी मंडळींना ती निरुपद्रवी करमणूक वाटते. कायद्याच्या लेखी ती काय आहे, याचे उत्तर तितके सरळ नाही.

मुंबई इलाख्यात १८८७मध्ये झालेला जुगार प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात आजही लागू आहे. त्याचे कलम ४ अड्डा चालविणाऱ्यासाठी, तर कलम ५ तेथे सापडणाऱ्यासाठी. कलम १३ म्हणते की, निव्वळ कौशल्याच्या खेळाला हा कायदा लागू नाही. पोकरपटूंची सारी भिस्त याच कलमावर असते. सर्वोच्च न्यायालयाने १९६८मध्ये सिकंदराबादच्या एका क्लबच्या खटल्यात रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ ठरविला आणि तीन पत्तीसारख्या खेळांहून तो वेगळा काढला. पोकरबाबत मात्र उच्च न्यायालयांचे एकमत नाही. गुजरातने २०१७मध्ये तो जुगार मानला, अलाहाबादने २०२४मध्ये कौशल्य.

कौशल्याचा युक्तिवाद खोटा नाही, पण तो कोठे लागू पडतो ते पाहावे लागेल. हातात दोन एक्के असलेला खेळाडू दोन राजे असलेल्यापुढे सर्वस्व पणाला लावतो, तेव्हा तो शंभरात सुमारे ब्याऐंशी वेळा जिंकतो. उरलेल्या अठरा वेळा निर्दोष खेळूनही तो हरतो. हजारो डावांत हे नशीब फिटते आणि जाणकार वर येतो. बारमधली स्पर्धा मात्र तीन-चार तासांत, म्हणजे शंभरएक डावांत, उरकायची असते. त्यासाठी सक्तीच्या बोली, ज्यांना ब्लाइंड म्हणतात, दर पंधरा-वीस मिनिटांनी वाढविल्या जातात. शेवटच्या तासात चकत्या इतक्या तुटपुंज्या उरतात की विचाराला वावच राहत नाही; बरे पान आले की सगळे पुढे सारायचे, एवढेच उरते. म्हणजे ज्या स्पर्धेच्या बचावासाठी कौशल्याचा दाखला दिला जातो, तिथेच तो सर्वांत लंगडा पडतो.

म्हणून १९६८च्या त्याच निकालाचा दुसरा, फारसा उद्धृत न होणारा भाग अधिक मोलाचा वाटतो. जागेचा मालक किंवा क्लब खेळातून स्वतःचा नफा काढतो काय, हा प्रश्नही न्यायालयाने विचारला होता. खेळाच्या सोयीपुरती माफक आकारणी चालेल. त्यापलीकडची कमाई गुन्ह्याच्या कक्षेत येऊ शकते. आपल्याकडच्या अड्ड्यांच्या भाषेत या कमाईला नाल म्हणतात. समजा, वीस जणांनी प्रत्येकी पाचशे रुपये भरले आणि आठ हजारांची बक्षिसे वाटली, तर उरलेले दोन हजार म्हणजे नालच. तिला 'आयोजन खर्च' म्हटल्याने फरक पडत नाही.

ब्रिटनने हाच धागा पकडला. तेथील २००५च्या कायद्यानुसार पबमध्ये पोकर खेळता येतो. पण एका खेळात माणशी पाच पौंड आणि दिवसाला एका पबमध्ये एकूण शंभर पौंड, ही पणाची मर्यादा आहे. प्रवेशमूल्य घेता येत नाही, पणाच्या रकमेतून कपातही नाही. कौशल्य की नशीब, या वादात तिथल्या पोलिसाला पडावेच लागत नाही.

आपल्याकडे मात्र सरकारे दोन्ही टोकांना हात घालून मधले सोडून देतात. कधीच अमलात न आलेला १९७६चा कॅसिनो कायदा राज्याने २०२३मध्ये रद्द केला. केंद्राने ऑगस्ट २०२५मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा करताना कौशल्य आणि नशीब हा भेदच पुसून टाकला. त्याच्या महिनाभर आधी विधान परिषदेत मोबाइलवर रमी खेळल्याचा आरोप झालेल्या कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांनी तो नाकारला. त्यांचे खाते बदलले आणि त्यांना क्रीडा खाते मिळाले. योगायोग म्हणायचा! प्रत्यक्ष टेबलावरचा डाव मात्र राज्यसूचीतला विषय असल्याने एकोणिसाव्या शतकातल्या कायद्याच्याच हवाली आहे.

त्याची झळ कोणाला बसेल? सदाशिव पेठ ही स्पर्धा परीक्षा देणाऱ्या, कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलांचीही पेठ आहे. वॉरंटानिशी पडलेल्या छाप्यात पत्ते आणि चकत्या सापडल्या, तर कलम ७ अन्वये ती जागा अड्डा असल्याचे आणि तेथील माणसे जुगारासाठीच जमल्याचे गृहीत धरले जाते. उलट सिद्ध करण्याचा भार त्यांच्यावर पडतो. बारमालक वकील देईल. पाचशे रुपये भरून बसलेल्या मुलाला मात्र उद्या निवड झाल्यावर साक्षांकन नमुन्यातल्या अटक आणि खटल्याच्या रकान्यात काय लिहावे, हा प्रश्न पडेल. आणि तिथे कौशल्याच्या टक्केवारीसाठी जागा नसते.