आधी वजनकाटा, मग गोळी

लग्नकार्यात आपल्याकडे भेटीचं पहिलं वाक्य ठरलेलं : ‘अगं, किती सुटलीस!’ ती मुलगी मनाच्या आजारावर गोळ्या घेत असेल, तर एवढ्या एका वाक्याने गोळ्या बंद होऊ शकतात. आजार उलटला की ‘बिचारी’ म्हणायला हीच मंडळी हजर!

दुसरा प्रकार शहाण्यांचा. ‘बरं व्हायचंय ना? मग वजनाचं काय घेऊन बसलीस?’ का बसू नये? सगळ्याच नव्हे, पण ओलान्झापिनसारख्या गोळीने भूक खरोखरच वाढते. ते जिभेचे चोचले नव्हेत. मागोमाग मधुमेहही येऊ शकतो.

म्हणून माझं म्हणणं, अशी गोळी सुरू करण्याआधीच वजन, कंबर आणि रक्तातली साखर मोजा. अमेरिकेतल्या मधुमेह आणि मानसोपचार संघटनांनी २००४ सालीच सांगून ठेवलंय : चौथ्या, आठव्या आणि बाराव्या आठवड्यात पुन्हा वजन करा, ५ टक्के वाढलं तर औषध बदलण्याचा विचार करा. ॲरिपिप्राझोलने वजन सहसा कमी वाढतं. काहींना जोडीला मेटफॉर्मिन देतात. अर्थात हे डॉक्टरांनी ठरवायचं, आपण परस्पर गोळी सोडायची नाही. पण विचारायचं मात्र नक्की! आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दुष्परिणामांची माहिती मिळण्याचा हक्कच दिलाय.

आणि नातेवाईक मंडळींनो, फारच काळजी वाटत असेल तर रोज संध्याकाळी तिच्याबरोबर फिरायला जा. टोमण्यांनी कुणाचं वजन उतरलेलं मी तरी पाहिलं नाही.