शंभर मीटर आणि तीन आठवडे

मुलांनो, थंडी पडली की शाळाशाळांतून एकच गडबड सुरू होते. मैदानावर फक्कीच्या पांढऱ्या रेघा दिसू लागतात, कपाटातली शिट्टी बाहेर येते, आणि मधल्या सुट्टीत कुणीतरी हळूच विचारतं, "बाई, स्पर्धा तीन आठवड्यांवर आली. एवढ्यात माझी शंभर मीटरची वेळ कमी होईल का हो?"

होईल. पण ती कशी कमी होते हे सांगण्याआधी कशी होत नाही ते सांगते. चूक माझीच आहे, म्हणून सांगायला जरा जड जातं.

गेल्या वर्षी सहावीतली आमची एक मुलगी केंद्राच्या स्पर्धेत पहिली आली. तालुक्याला दहा दिवस होते. मला वाटलं, जितकं जास्त पळेल तितका वेग वाढेल. मग काय, रोज सकाळी १०० मीटरच्या ८ फेऱ्या! चौथ्या दिवसापासून तिची वेळ कमी व्हायच्या ऐवजी वाढायला लागली. सातव्या दिवशी ती म्हणाली, "बाई, मांडीत मागून ओढल्यासारखं होतंय." मी म्हणाले, "होतं गं तसं. अजून दोनच फेऱ्या." पुढच्याच फेरीत ती मध्यावर मांडी धरून खाली बसली. तालुक्याच्या दिवशी ती मंडपात बसून टाळ्या वाजवत होती. नंतर खेळाच्या तासाला तिचं पोट दुखायला लागलं. ते खरंच दुखत नव्हतं, हे मलाही कळत होतं.

यंदा ती सातवीत आहे. केंद्राच्या स्पर्धेला तीन आठवडे राहिले तेव्हा मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, "गेल्या वर्षी तू सांगत होतीस, मी ऐकलं नाही. चूक माझी. या वेळी तू थांब म्हणालीस की थांबायचं." ती काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र बूट हातात घेऊन मैदानावर हजर!

पहिल्या दिवशी आम्ही नुसती वेळ घेतली. १६.३ सेकंद. तिचं तोंड एवढंसं झालं. "बाई, गेल्या वर्षी तर १५.९ होती. मी हळू झाले?" आता यातली गंमत ऐका. गेल्या वर्षी मी अंतिम रेषेवर उभी राहून शिट्टीचा आवाज ऐकून घड्याळ सुरू करायची. आवाज एका सेकंदात साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे १०० मीटर यायला त्याला जवळजवळ ०.३ सेकंद लागतात. तेवढा वेळ ती पळत होती आणि माझं घड्याळ झोपलेलं होतं! यंदा आम्ही सुरुवातीला रुमाल खाली करतो आणि तो दिसला की घड्याळ सुरू करतो. "तू फारशी हळू झालेली नाहीस," मी म्हटलं, "घड्याळ खरं बोलायला लागलंय."

तीन आठवड्यांत पायातली ताकद फारशी वाढत नाही, त्याला महिनोन् महिने जातात. पण वाया जाणारा वेळ वाचवता येतो. तो कुठे जातो, ते आम्ही शोधलं.

पहिला चोर सुरुवातीलाच होता. ती कशीही उभी राहायची आणि "गो" म्हटलं की एकदम ताठ व्हायची. आम्ही रेषेमागे तिचीच पावलं मोजली. पुढचा पाय रेषेपासून २ पावलं मागे, दुसरा ३ पावलं मागे. "सेट"ला कंबर खांद्यांपेक्षा किंचित वर. निघताना जमीन मागे ढकलायची, नजर खाली, आणि पहिली दहा-बारा पावलं हळूहळू वर यायचं. आमच्याकडे स्टार्टिंग ब्लॉक नाहीत. पण १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकमध्ये चार सुवर्णपदकं जिंकणाऱ्या जेसी ओवेन्सकडे तरी कुठे होते? तेव्हाचे धावपटू हातातल्या खुरप्यासारख्या अवजाराने मातीत पायांसाठी खड्डे करायचे. ऑलिंपिकमध्ये ब्लॉक आले ते १९४८ साली. हे ऐकून आमची मुलगी दुसऱ्या दिवशी घरून खुरपं घेऊन आली!

दुसरा चोर हातांत. तिचे हात छातीसमोर आडवे फिरायचे आणि अंग डोलायचं. कोपर काटकोनात, हात कमरेपासून हनुवटीपर्यंत, सरळ पुढे-मागे. मुठी आवळायच्या नाहीत, दात तर मुळीच नाही.

तिसरा चोर शेवटी. अंतिम रेषा दिसली की ती दहा मीटर आधीच सैल पडायची. मी ११० मीटरवर फक्कीची दुसरी रेघ मारली आणि सांगितलं, "तुझी शर्यत तिथे संपते." १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये पी. टी. उषाचं ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीतलं कांस्यपदक फक्त ०.०१ सेकंदाने हुकलं. अंतिम रेषेवर डोकं किंवा हात नाही, तर धड कधी पोचलं ते मोजतात. म्हणून शेवटच्या पावलाला छाती पुढे. उडी मात्र मारायची नाही.

आता सराव किती? आठवड्यातून तीनच दिवस, एक दिवस आड.

सोमवारी सुरुवात : २० मीटर ४ वेळा, मग ३० मीटर ३ वेळा.
बुधवारी वेग : ६० मीटर ३ वेळा.
शुक्रवारी शेवट : ८० मीटर २ वेळा, रेघेच्या पुढेपर्यंत.

आधी पंधरा मिनिटं अंग गरम करायचं. हळू धावणं, गुडघे उंच उचलत चालणं, थोड्या उड्या. आणि दोन फेऱ्यांमध्ये खरीखुरी विश्रांती. ३० मीटरनंतर दोन-तीन मिनिटं, ६० आणि ८० नंतर चार-पाच मिनिटं. मुलांना वाटतं हा आळस. पण दमलेल्या पायांनी पळालात तर पाय हळू पळायलाच शिकतात. माझ्या आठ फेऱ्यांनी तेच झालं होतं. मधल्या दिवसांत लंगडी खेळा. एका पायावर पाठलाग करताना पाय आपोआप तयार होतात. आणि शेवटचे चार दिवस फक्त अंग मोकळं करायचं, दोन-तीन वेळा सुरुवात करून बघायची, बस्स.

पालकांना एक विनंती. मूल वेगाने धावावं असं वाटत असेल तर आधी ते झोपू द्या. प्राथमिक शाळेतल्या मुलांना निदान ९ तास झोप हवी. सकाळी उपाशीपोटी मैदानावर पाठवू नका. भाकरी, गूळ-शेंगदाणे, केळं यांतलं घरात असेल ते पुरे. आणि मांडीत, गुडघ्याखाली किंवा टाचेत दुखतंय असं मूल म्हणालं, तर "होतं तसं" म्हणू नका. वाढत्या वयातलं हे दुखणं अंगावर काढायचं नसतं. सराव थांबवा, राहिलं नाही तर डॉक्टरांना दाखवा.

आमच्या मुलीने दुसऱ्या आठवड्यात एकदा हात वर केला. "बाई, पाय जड झालाय." दोन फेऱ्या राहिल्या होत्या. मी शिट्टी खिशात टाकली. आम्ही दोघी पायरीवर बसून शेंगा सोलत बसलो. त्या दिवशी मला वाटलं, आता स्पर्धेत काहीही होवो.

परवा पुन्हा वेळ घेतली. तीन आठवड्यांपूर्वी १६.३ होती, आता १५.७. एवढ्याशा ०.६ सेकंदात ती जवळजवळ चार मीटर पुढे गेली! येत्या शनिवारी केंद्राची स्पर्धा आहे. शेजारच्या शाळेतली एक मुलगी चांगलीच उंच आणि जोरात पळणारी आहे. बघू या. पण खेळाच्या तासाला पोट दुखणं मात्र बंद झालंय हं!

या आठवड्याचा घरचा अभ्यास : मित्राला १०० मीटरवर उभं करून दोन्ही हात उंच करून टाळी वाजवायला सांगा. टाळी आधी दिसते की ऐकू येते? वहीत लिहून ठेवा. मग सांगा, तुमच्या शाळेतलं घड्याळ खरं बोलतं का?