वंशावळीत बाईचं नाव हवं, आणि तिचं मरणही



आपल्यात श्राद्ध नाही. पिंडदान नाही, पितृपक्षात कावळ्याला घास ठेवणं नाही. जीव देह सोडतो आणि आपल्या कर्मानुसार लगेच दुसऱ्या गतीला जातो, मागे कुणी भुकेलेला ताटकळत राहत नाही, ही आपली श्रद्धा. मला ती फार स्वच्छ वाटते. पण तिच्या आडून आपण एक सोय करून घेतली आहे. तिथीला काही करायचं नाही, म्हणून तिथीच लक्षात ठेवायची नाही. आणि या विसरण्यात पहिला नंबर लागतो घरातल्या बायकांचा.

तुमच्या घरातली वंशावळ काढून बघा. आमच्या माहेरची एका जाड कागदावर लिहिलेली आहे. सात पिढ्यांची नावं आहेत आणि त्यात बाई एकही नाही. जणू बापाच्या पोटी थेट मुलगाच जन्माला येत होता! माझं म्हणणं असं, की वंशावळीत प्रत्येक सुनेचं आणि लेकीचं नाव हवंच, पण तेवढ्यानं भागत नाही. ती कधी गेली आणि कशानं गेली, हेही लिहायला हवं. कारण जिथं नोंद नसते तिथं गोष्ट तयार होते, आणि बाईबद्दल तयार झालेली गोष्ट बहुतेक वेळा तिच्या बाजूची नसते.

माझ्या पणजीबद्दल, म्हणजे आजोबांच्या आईबद्दल, घरात एक गोष्ट चालत आली होती. तान्हं मूल गेलं आणि त्या दुःखात तिनं मळ्यातल्या विहिरीत उडी घेतली. आजोबा तेव्हा तीन वर्षांचे. पुढच्या वर्षी दुसरी पणजी आली, तिनं आजोबांना मायेनं वाढवलं, तिचा फोटोही भिंतीवर लागला. पहिलीचं नाव कुणी घेत नसे. आत्मघात हे आपल्याकडं मोठं पाप, त्यामुळं तिचा विषय निघाला की मोठी माणसं आवाज खाली करत. तिच्या माहेरशी येणं-जाणं तुटलं ते कायमचं. आजोबा नव्वदीत गेले, पण आपल्या आईविषयी एक वाक्य बोलल्याचं कुणाला आठवत नाही.

ही गोष्ट खरी की खोटी, हे शोधायचं म्हटलं तर शोधता येतं. ते कसं, हे सांगते, कारण तुमच्यापैकी अनेकींच्या घरात असा एखादा दबलेला आवाज असेल.

इंग्रजांच्या काळात गावोगावी जन्म-मृत्यूची नोंदवही ठेवली जाई. तिला गाव नमुना १४ म्हणत, बोलीभाषेत कोतवाल बुक. २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हापासून ही नावं घरोघरी माहीत झाली आहेत. या जुन्या वह्या बहुतेक तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात. गाव, तालुका आणि अंदाजे साल लिहून अर्ज करायचा. एकच साल न देता मागची-पुढची दोन-तीन वर्षंही मागायची, कारण घरात सांगितलेलं वय आणि साल क्वचितच नेमकं असतं. जिल्हा बदललेला असतो, हेही ध्यानात ठेवा. आजच्या सांगली जिल्ह्यातला वाळवा, तासगाव, खानापूर हा भाग तेव्हा सातारा जिल्ह्यात होता. कोल्हापूर, सांगली, मिरज ही संस्थानं, तिथली दप्तरं वेगळी. वही मोडीत असेल तर मोडी वाचणारं माणूस सोबत हवं. आता तशी माणसं शोधली तर सापडतात.

आणखी एक अडचण खास आपली, बायकांची. पुरुष गेला की जमिनीला वारस लागतात, फेरफार होतो, त्यामुळं मृत्यूच्या वहीत तो नाही सापडला तरी फेरफारात सापडतो. बाईच्या नावावर जमीनच नसे, मग तिच्या जाण्यानं दप्तरातला कुठलाच कागद हलत नसे. शिवाय लग्नात नाव बदललेलं, आणि वहीत तर बऱ्याचदा नावही नाही, नुसतं ‘अमक्याची बायको’. म्हणून तिला शोधायचं ते नवऱ्याच्या नावानं आणि वयानं.

माझी पणजी अशीच सापडली. ऑक्टोबर १९१८. आधी एक नोंद: पणजोबांची मुलगी, वय चार महिने. तिच्यानंतर सहा दिवसांनी दुसरी: पणजोबांची बायको, जात जैन, वय २२. मरणाचं कारण, दोन्हींपुढं एकच शब्द. ताप.

आता त्या वहीची बाकीची पानंही बघायला हवीत. सप्टेंबरच्या नोंदी अर्ध्या पानात संपतात. ऑक्टोबरच्या मात्र पानांमागून पानं चालतात, सगळ्या जातींची नावं, सगळ्या वयांची, आणि कारणाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत ताप, ताप, ताप. हा इन्फ्लुएंझा होता. जून १९१८ मध्ये ही साथ मुंबईत उतरली आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तिची दुसरी, फार भयंकर लाट खेड्यापाड्यांत पसरली. त्याच वर्षी पावसानंही दगा दिला होता, घरात धान्य नव्हतं. देशभरात सव्वा कोटी किंवा त्याहून अधिक माणसं गेली असा अंदाज आहे. आणि या साथीनं आपल्या देशात पुरुषांपेक्षा बायका जास्त नेल्या, त्यातही ऐन तारुण्यातल्या. घरात कुणी आजारी पडलं की उशाशी बसायचं कुणी? सगळ्यांची पानं झाल्यावर उरलेलं खायचं कुणी? उत्तर तुम्हाला मला माहीत आहे.

म्हणजे बावीस वर्षांची एक ओली बाळंतीण, तापानं फणफणलेलं लेकरू मांडीवर घेऊन बसली, ते गेलं, आणि सहा दिवसांत त्याच तापानं तीही गेली. गावात रोज कुणी ना कुणी जात होतं. अशा दिवसांत कुणाच्या तोंडून पहिल्यांदा विहीर निघाली, ते आता कळणार नाही.

कुणी म्हणेल, कोतवालानं लिहिलेला ‘ताप’ म्हणजे काही डॉक्टरचा दाखला नव्हे. बरोबर आहे. घरच्यांनी सांगितलं ते लिहिलं, असं बहुतेक वेळा होई. पण आत्महत्या, अपघात, सर्पदंश यांची त्या काळच्या मृत्यूनोंदीत वेगळी वर्गवारी असे, आणि विहिरीत माणूस सापडलं तर पोलीस पाटलाला वर कळवावं लागे, पंचनामा होई. एक शब्द एकटा पुरावा होत नाही. तो शब्द, त्याच्या आधीची लेकराची नोंद आणि सगळ्या गावाची ती पानं, असं मिळून मी मानते.

आता श्रद्धेचा प्रश्न. एका नात्यातल्या काकूंनी मला विचारलं, ‘अगं, तो जीव कुठल्या कुठे गेला असेल. त्याला आता काय त्याचं? हा मोहच नाही का?’ प्रश्न खरा आहे. तिच्या जिवाला माझ्या या नोंदीनं काही पोचणार नाही, हे मला मान्य आहे. पण कर्म तिचं नव्हे, आपलं बांधलं जात होतं. चार पिढ्या आपण एका बाईवर आत्मघाताचा आळ घेत होतो. आपण श्राविका सत्य अणुव्रताची गोष्ट करतो. तत्त्वार्थसूत्रात त्या व्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा लेख करणं, सांगितलं आहे. कागदावर लिहिलेलं खोटं जर दोष, तर घराच्या तोंडी वंशावळीत लिहिलेलं खोटं दोष नाही का?

आणि मृत्यूची तिथी जपणं आपल्या धर्माला परकं आहे, हेही मला पटत नाही. दिवाळीच्या पहाटे आपण निर्वाणलाडू चढवतो तो कशासाठी? महावीर भगवंतांच्या देहत्यागाची तिथी आपण अडीच हजार वर्षं जपली. वीर निर्वाण संवत तिथूनच मोजतो. श्रवणबेळगोळला गेलात तर गोमटेश्वराचं दर्शन झाल्यावर घाई करू नका. समोरच्या चंद्रगिरी टेकडीवर समाधिमरणाचे किती तरी शिलालेख आहेत, आणि त्यात बायकाही आहेत. होयसळ राणी शांतलादेवी ११३१ मध्ये शिवगंगेला वारली. त्यानंतर तिच्या आईनं, माचिकब्बेनं, बेळगोळला येऊन सल्लेखना घेतली आणि देह ठेवला. तिचं नाव, तिचं माहेरचं घराणं, तिचं व्रत, सगळं दगडावर कोरलेलं आहे. सेनापती गंगराजाची पत्नी लक्ष्मीमती हिच्या समाधिमरणाचा लेखही तिथंच आहे. नऊशे वर्षांपूर्वी आपल्या माणसांना बाईचं मरण नावानिशी लिहावंसं वाटलं, आणि आपल्या जाड कागदाला सात पिढ्यांत एकीचंही नाव लिहावंसं वाटलं नाही.

राण्यांचं आणि सेनापतींच्या बायकांचं कोरलं, गरीब घरच्यांचं कुठं कोरलं, असं तुम्ही म्हणाल. खरं आहे. म्हणूनच ते काम आता आपल्या वहीचं आहे.

आणि समजा, वहीत ‘ताप’ऐवजी ‘विहीर’ लिहिलेलं निघालं असतं तर? तरीही तिचं नाव वंशावळीत लिहावंच लागलं असतं. लेकरू गेलेल्या बावीस वर्षांच्या मुलीला त्या सहा दिवसांत कुणी सांभाळलं, हा प्रश्न मग घराला पडला असता, आणि तो पडायलाच हवा होता. नोंद शोधायची ती निर्दोष ठरवण्यासाठी नव्हे. जे झालं ते तसंच लिहिण्यासाठी.

वहीत तिचं नाव नव्हतं, हे वर सांगितलंच. ते मिळालं आमच्या माळ्यावरच्या एका तांब्याच्या घागरीवर. लग्नात माहेरानं दिलेली घागर, काठावर ठोकून घातलेली अक्षरं, तिचं नाव आणि गाव. म्हणून सांगते, जुनी भांडी मोडीत घालण्याआधी काठ वाचा. मंदिरातल्या चौरंगावर, समईवर, पायरीच्या दगडावर ‘स्मरणार्थ’ म्हणून घातलेली नावं वाचा. हस्तलिखित शास्त्राच्या शेवटच्या पानावर ते कुणी लिहवून दान दिलं ते असतं, तेही वाचा.

मग एक वही करा. प्रत्येक बाईसाठी एवढंच लिहा: माहेरचं नाव, सासरचं नाव, माहेरचं गाव, आईचं नाव, घेतलेली व्रतं, जाण्याची तारीख आणि तिथी, कारण. माहीत नसेल तिथं जागा रिकामी सोडा, अंदाजानं भरू नका. घरातल्या सत्तरीपुढच्या बायकांना विचारायचं काम आधी करा. दप्तर पुढच्या वर्षीही तिथंच असेल, त्यांचं सांगता येत नाही. आणि आता घरात कुणी गेलं, तर मृत्यूची नोंद २१ दिवसांत करतातच, पण त्या दाखल्यावर बाईचं नाव, वय बरोबर आहे का, ते तुम्ही स्वतः वाचून घ्या. पुरुष मंडळी त्या धावपळीत नुसती सही करून येतात.

आमच्या वंशावळीत पणजीच्या नावापुढं आता लिहिलं आहे: ऑक्टोबर १९१८, इन्फ्लुएंझाच्या साथीत, वय २२. त्याखाली तिच्या मुलीची ओळ आहे. चार महिन्यांच्या त्या मुलीचं नाव कुठंच मिळालं नाही, म्हणून तिथं फक्त ‘कन्या’ असं लिहून पुढची जागा मोकळी ठेवली आहे. पणजीच्या माहेरच्या गावी तिचं कुणी आहे का, त्याची चौकशी चालू आहे. तुमच्यापैकी कुणी असं शोधलं असेल, तर कसं शोधलं ते मला नक्की कळवा.