कांद्यावरचा आळ आणि ‘अचानक’ आलेला मृत्यू

१/ कांद्यावर इतिहासाने पुष्कळ आळ घेतले. १९८० ची लोकसभा निवडणूक असो वा १९९८ ची दिल्ली विधानसभा, सत्तांतराचे खापर त्याच्याच माथी फुटले. आशियातील सर्वांत मोठी कांदा बाजारपेठ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लासलगावला हे आळ पाठ आहेत. मात्र एक आळ तेथेही फारसा कुणाला ठाऊक नसावा: एका हृदयविकाराच्या झटक्याचे दुखणे काही तास कांद्याच्या नावावर जमा होते. हा धागा त्या चुकीच्या निदानाचा आणि त्यातून घ्यावयाच्या धड्याचा.

२/ स्थळ अमेरिकेतील डेन्व्हर, तारीख २३ सप्टेंबर १९५५. राष्ट्राध्यक्ष ड्वाइट आयसेनहॉवर सुटीवर होते. वय ६४. सकाळी गोल्फचा पूर्ण डाव, दुपारी कच्च्या कांद्याच्या चकत्या घातलेला हॅम्बर्गर, नंतर पुन्हा गोल्फ. खेळता खेळता पोटात अस्वस्थ वाटू लागले. कारण त्यांनी स्वतःच ठरवून टाकले: कांदा बाधला.

३/ मध्यरात्रीनंतर छातीत दुखू लागले. पत्नी मेमी यांनी अपचन समजून मिल्क ऑफ मॅग्नेशिया दिले. डॉक्टर हॉवर्ड स्नायडर पहाटे पोहोचले. सकाळी वार्ताहरांना सांगण्यात आले की अध्यक्षांचे पोट बिघडले आहे. हृदयालेख, म्हणजे आज सर्वजण ज्याला ईसीजी म्हणतात तो, दुपारी काढण्यात आला. निदान झाले: हृदयधमनीत रक्ताची गुठळी. कांदा निर्दोष सुटला.

४/ येथे इतिहासाच्या अभ्यासकाला एक परिचित पेच भेटतो. आपण हृदयविकार प्रथमच ओळखला होता, असे स्नायडर यांचे नंतरचे म्हणणे. क्लॅरेन्स लॅस्बी या इतिहासकाराने १९९७ च्या आपल्या ग्रंथात ते खोडून काढले. डॉक्टर कित्येक तास पोटाचेच दुखणे समजत होते, असा त्याचा निष्कर्ष. घटना घडून गेल्यावर लिहिलेली साक्ष आणि घटना घडत असतानाचे वर्तन यांत तफावत पडली, तर वर्तनाला अधिक वजन द्यावे. सकाळचे ‘पोट बिघडले’ हे निवेदन त्या दृष्टीने बोलके आहे.

५/ २६ सप्टेंबरला न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला. बॉस्टनचे हृदयरोगतज्ज्ञ पॉल डडली व्हाइट यांनी पत्रकारांसमोर हृदयाचे कार्य सोप्या भाषेत उलगडून सांगितले. आयसेनहॉवर वाचले, १९५६ ची निवडणूक पुन्हा जिंकले आणि १९६९ पर्यंत जगले. पण यावरून ‘उशीर झाला तरी निभावते’ असा बोध घेणे घातक ठरेल. पोटाचे औषध घेऊन पहाटेपूर्वीच जे गेले, त्यांची चरित्रे कुणी लिहिली नाहीत. वाचलेल्यांच्या कथा तेवढ्या उरतात. म्हणून त्या सावधपणे वाचाव्यात.

६/ आता चाळीस वर्षे मागे, पुण्यात. १९१५ चा आरंभ. दक्षिण आफ्रिकेतून परतलेले गांधी पुण्यास आले होते आणि भारत सेवक समाजात त्यांच्या स्वागतासाठी फलाहाराचा छोटा समारंभ होता. समाजाचे संस्थापक गोपाळ कृष्ण गोखले आपल्या खोलीतून तेथवर चालत आले. तेवढेही श्रम त्यांना झेपले नाहीत. ते मूर्च्छित झाले आणि त्यांना परत न्यावे लागले.

७/ पुढचा तपशील गांधींनी आत्मकथेत नोंदवला आहे आणि तो सर्वांत महत्त्वाचा आहे. अशी मूर्च्छा गोखल्यांना पूर्वीही येत असे. म्हणून शुद्धीवर येताच त्यांनी समारंभ चालू ठेवण्याचा निरोप धाडला. समारंभ चालू राहिला. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखल्यांचे निधन झाले. वय अवघे ४८.

८/ गोखल्यांना मधुमेह होता आणि हृदयाच्या दुर्बलतेतून येणारी धाप होती. तरीही १९१२ साली ते दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर गेले, लोकसेवा आयोगाच्या कामासाठी इंग्लंडच्या फेऱ्या त्यांनी केल्या, आणि १९१४ साली महायुद्ध पेटले तेव्हा प्रकृतीसाठी गेलेले गोखले फ्रान्समध्ये अडकून पडले होते. शंभर वर्षांनंतर त्यांच्या आजाराला आधुनिक नाव चिकटवणे इतिहासाला शोभणार नाही. एवढे मात्र निश्चित की शरीर वर्षानुवर्षे सूचना देत होते.

९/ त्या काळच्या वैद्यकाला दोष देणेही अन्यायाचे होईल. हृदयधमनीत गुठळी होऊनही माणूस जगू शकतो, हे शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी १९१२ साली मांडले. तेव्हा त्याकडे फारसे कुणी लक्ष दिले नाही. विलेम आइंटहोव्हेन यांचे हृदयालेखाचे आरंभीचे यंत्र सुमारे २७० किलो वजनाचे होते. इन्सुलिनचा शोध १९२१ चा. गोखल्यांजवळ यांतले काहीच नव्हते. लासलगावच्या आजच्या रहिवाशाला यांतले सर्व उपलब्ध होऊ शकते. म्हणून गोखल्यांची सबब त्याला लागू पडत नाही.

१०/ प्रश्न उपकरणांपेक्षा संस्कृतीचा अधिक आहे. मराठी चरित्रवाङ्मयाने ‘देह झिजवला’, ‘प्रकृतीची तमा बाळगली नाही’ ही वाक्ये गौरवाची मानली. समारंभ चालू ठेवण्याचा तो निरोप निःस्वार्थपणाचा दाखला म्हणून वाचला जातो, आणि तो तसा आहेही. पण त्याच निरोपात एक धोका दडलेला आहे: वारंवार येणारे लक्षण सवयीचे होते, आणि सवयीचे झाले की ते लक्षण म्हणून दिसेनासे होते.

११/ जगणे हीदेखील सेवा असू शकते, याचे उदाहरण सरदार पटेल. ५ मार्च १९४८ रोजी, वयाच्या ७२ व्या वर्षी, त्यांना हृदयविकाराचा झटका आला. ते वाचले. डेहराडूनला विश्रांती घेतली. कारभारावर नजर ठेवली, पण विश्रांती नाकारली नाही. त्यानंतर सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आले आणि त्यासोबत मराठवाडा. मार्च १९४९ मध्ये कोल्हापूर मुंबई प्रांतात विलीन झाले. १५ डिसेंबर १९५० रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. मधली पावणेतीन वर्षे त्या वाचण्याची देणगी होती.

१२/ आता लासलगाव. उन्हाळ कांद्याच्या दिवसांत शेतकरी पहाटेच ट्रॅक्टर जोडून बाजार समितीच्या रांगेत लागतो. छातीत जड वाटले तर ‘पित्त झाले’, हात दुखला तर ‘ट्रॉली भरताना लचकला’, दरदरून घाम आला तर ‘ऊन आहे’. चाळीवर कांदा निवडणाऱ्या बाईला धाप लागली तर ‘अशक्तपणा’. प्रत्येक कारण शक्य कोटीतले असते. त्यामुळेच ते फसवते. आयसेनहॉवर यांच्यासाठीही कांदा हे अगदी शक्य कोटीतले कारण होते.

१३/ म्हणून या खुणा स्वतंत्रपणे नव्हे, एकत्र वाचाव्यात. छातीत दाब, आवळल्यासारखे किंवा जळजळल्यासारखे वाटणे. दुखणे खांद्यात, हातात, पाठीत, जबड्यात वा पोटाच्या वरच्या भागात जाणे. थंड घाम, मळमळ, धाप, चक्कर. नेहमीच्या कामाने पूर्वी कधी न आलेला थकवा. स्त्रिया, वृद्ध आणि मधुमेही यांच्यात छातीत कळ न येताही झटका येऊ शकतो. चालताना येणारे आणि थांबल्यावर जाणारे दुखणे ही तर आगाऊ मिळालेली नोटीस असते. विश्रांतीतही येऊ लागले तर एक दिवसही थांबू नये.

१४/ यावर एक रास्त आक्षेप आहे: प्रत्येक ढेकरेला दवाखाना गाठायचा काय? लिलावाचा दिवस बुडाला तर त्याची भरपाई कोण देणार? आक्षेप खरा आहे, पण हिशेब अपुरा आहे. ईसीजीत काही निघाले नाही, तर नुकसान एका दिवसाचे. पित्ताची गोळी घेऊन रांगेत थांबले आणि दुखणे हृदयाचे निघाले, तर नुकसानीला मोजमाप नाही. दोन चुकांची किंमत इतकी असमान असताना संशयाचा फायदा हृदयाला द्यावा, कांद्याला नव्हे.

१५/ गुठळी विरघळवणारे औषध पहिल्या काही तासांत सर्वाधिक उपयोगी पडते. प्रत्येक तासाबरोबर हृदयाचा अधिक स्नायू मरतो. नाशिक येथून सुमारे ६० किलोमीटर. काही मिनिटांत न थांबणारे दुखणे असेल तर काम थांबवावे, एकट्याने गाडी हाकू नये, १०८ ला फोन करावा आणि जवळच्या रुग्णालयात प्रथम ईसीजी काढावा. पहिला ईसीजी निर्दोष आला तरी दुखणे चालू असल्यास तो पुन्हा काढण्याचा आग्रह धरावा. रक्ताची ट्रोपोनिन तपासणीही असते.

१६/ सारा भार व्यक्तीवर टाकणे मात्र अन्याय्य आहे. ज्या आवारात हंगामात रोज हजारो माणसे उन्हात ताटकळतात, तेथे ईसीजी यंत्र आणि ते चालवणारा प्रशिक्षित माणूस असणे ही वजनकाट्याइतकीच साधी गरज मानली पाहिजे. कांद्याचे वजन अचूक व्हावे म्हणून जो समाज भांडतो, त्याने माणसाच्या ठोक्यांसाठीही भांडावे.

१७/ आणि शेवटी भाषेविषयी. श्रद्धांजलीच्या फलकावर ‘अचानक दुःखद निधन’ हे शब्द ठरून गेलेले आहेत. काही झटके खरोखरच विनासूचना येतात. पण पुष्कळांच्या आधी सूचना आलेली असते, ती वाचली गेलेली नसते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने कोणत्याही घटनेला ‘अचानक’ म्हणण्यापूर्वी आदल्या दिवसांची कागदपत्रे पाहावीत. आपल्या घरातील माणसांच्या बाबतीत ती कागदपत्रे आजच, त्यांच्या हयातीतच वाचता येतात. आज रात्री जेवताना वडिलांना, आईला एवढेच विचारावे: जिना चढताना अलीकडे काही वेगळे वाटते का?